नेवाडाचा पिन्यॉन: बिया वेचण्याआधी फांदीचं टोक बघा

लास वेगासला नव्याने राहायला आलेल्या एका वाचकाचे प्रश्न थोडक्यात असे: इथल्या डोंगरांत चिलगोज्यासारखी बी देणारं पिन्यॉन नावाचं पाइनचं झाड आहे म्हणतात, ते ओळखायचं कसं? बिया कधी आणि कशा गोळा करायच्या? परसात लावलं तर किती वर्षांनी बी येईल? आणि गावाकडे सिन्नरजवळ थोडी कोरडवाहू जमीन आहे, ‘वाळवंटातलं झाड’ म्हणून ते तिथे लावता येईल का?

सिन्नरचं आधी सांगून टाकतो. नाही लागणार, त्यात पैसे घालू नका. ‘वाळवंटी’ हा शब्द वाचून आपल्या डोळ्यांसमोर ऊन आणि वाळू येते, पण हे झाड थंड वाळवंटातलं आहे. नेवाडा आणि पश्चिम यूटाच्या ज्या पट्ट्याला ग्रेट बेसिन म्हणतात, तिथल्या डोंगरउतारांवर साधारण १५०० ते २५०० मीटर उंचीवर हे वाढतं. वर्षाकाठी पाणी पडतं २०० ते ४५० मिलिमीटर, आणि त्यातलं बरंचसं हिवाळ्यात बर्फ होऊन. ते बर्फ वसंतात हळूहळू वितळतं, मुरमाड जमिनीत खोल मुरतं आणि झाड त्या ओलीवर उन्हाळा काढतं. सिन्नर पर्जन्यछायेत असलं तरी तिथला पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, म्हणजे जमीन ऐन गरम असताना ओली. या झाडाच्या मुळांना ते सोसत नाही, कुजतात. शिवाय बी रुजण्यासाठी एक ते तीन महिने ओली थंडी लागते. ती तुम्ही फ्रिजमध्ये देऊ शकाल, पण पुढे दर वर्षी झाडाला जो कडक हिवाळा हवा तो कुठून आणणार? आणि पेरणीसाठी बी भारतात न्यायचं तर आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बॅगेत टाकून नेण्याची ती वस्तू नाही.

आता झाड. इंग्रजीत याला सिंगल-लीफ पिन्यॉन म्हणतात, शास्त्रीय नाव पायनस मोनोफिला. जगातल्या सगळ्या पाइनांमध्ये सुया एकेकट्या असणारं हे एकमेव. बाकीच्यांच्या सुया बहुधा दोन, तीन किंवा पाचच्या जुडग्यात येतात. ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे. एक सुई तोडून अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवून बघायची. या पिन्यॉनची सुई गोल असते, ती सहज फिरते. पूर्वेकडे, म्हणजे यूटाच्या पलीकडे कोलोराडो आणि न्यू मेक्सिकोकडे गेलात तर तिथला पिन्यॉन वेगळा, पायनस एड्युलिस. त्याच्या सुया जोडीने येतात आणि आतल्या बाजूने चपट्या असतात, बोटांत अडकतात. मोनोफिलातही अधूनमधून एखादी जोडी सापडते, म्हणून एका सुईवर निकाल देऊ नका, चार-पाच फांद्या बघा.

वेगासहून तुम्ही माउंट चार्ल्सटनच्या रस्त्याने वर निघालात तर हे झाड कुठे बसतं ते गाडीतूनच कळेल. खाली जोशुआ वृक्ष आणि खुरटी झुडपं. थोडं चढलं की बुटकी, गोलसर, करड्या-हिरव्या रंगाची झाडं दिसू लागतात. तो पिन्यॉन आणि त्याच्या सोबतीचा ज्युनिपर. ज्युनिपरला सुया नसतात, खवल्यांसारखी पानं असतात आणि निळसर फळं. त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही. आणखी वर गेलं की लांब सुयांचा, उंच सरळ पाँडेरोसा सुरू होतो. तिथे पोचलात म्हणजे पिन्यॉन मागे राहिला. पिन्यॉन उंचीला सहा ते बारा मीटर, क्वचितच त्याहून जास्त. पाहुण्यांना दाखवलं की ‘एवढंसंच?’ म्हणतात. पण त्या एवढ्याशा झाडाचं वय दोन-तीनशे वर्षं असू शकतं.

चिलगोज्याशी नातं खरं आहे, पण लांबचं. चिलगोजा म्हणजे पायनस जेरार्डियाना, सुया तीन-तीनच्या. आपल्याकडे तो किन्नौरमध्ये आणि चंबा जिल्ह्यातल्या पांगीत, सीमेपलीकडे पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात. तोही हिमालयाच्या आतल्या कोरड्या खोऱ्यांतला, हिवाळी बर्फावर जगणारा. दोघांची राहणी सारखी, बी मात्र वेगळं. चिलगोजा लांबट, सडपातळ आणि तेलकट. मोनोफिलाचं बी दीड-दोन सेंटिमीटरचं, गुबगुबीत, आणि त्याचं टरफल इतकं पातळ की दाताखाली अलगद दाबलं तरी फुटतं. आत पिठूळपणा जास्त. निम्म्याहून थोडं अधिक पिष्ट, स्निग्धांश साधारण पावभाग. एड्युलिसचं उलट: बी लहान, टरफल कडक, स्निग्धांश साठ टक्क्यांच्या वर. म्हणून दुकानातल्या पाइन नटची लोण्यासारखी चव डोक्यात ठेवून मोनोफिला खाल्ला तर पहिल्यांदा निराशा होते. मिठाच्या पाण्यात उकडून खाल्ला की उकडलेल्या शेंगांची आठवण होते, आणि मग हात थांबत नाही.

बिया कधी गोळा करायच्या, हा तुमच्या प्रश्नांतला खरा प्रश्न. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक नवखे लोक ‘सप्टेंबर’ एवढंच ऐकतात, पोती घेऊन डोंगरावर जातात आणि रिकाम्या हातांनी परत येतात. पिन्यॉनला दर वर्षी पीक येत नाही. ज्यात बी धरतं तो खवल्यांचा शंकू तयार व्हायला दोन वर्षांहून जास्त काळ लागतो. एका वर्षाच्या उन्हाळ्याअखेरीस कळीत त्याची सुरुवात होते. पुढच्या वसंतात ती कळी बाहेर येते, वाऱ्याने परागण होतं आणि त्या वर्षी तो वाटाण्याएवढाच राहतो. हिवाळा तसाच काढतो. त्यापुढच्या वर्षी फुगतो, ऑगस्टअखेर हिरवागार आणि राळेने चिकट होतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तपकिरी होऊन उमलतो. एका शंकूत बिया दहा-वीसच. भरघोस पीक आलं की झाडाची शिल्लक संपते, मग पुढली काही वर्षं किरकोळ. चांगल्या पिकांमधलं अंतर दोन वर्षांचंही असतं, सहा-सातांचंही. आणि हे अख्ख्या डोंगररांगेतली झाडं एकदम करतात. एका रांगेत झाडं लगडलेली असतील तर पलीकडच्या खोऱ्यात एक शंकूही नाही, असंही होतं.

या एकजुटीमागे हिशेब आहे. किडे, उंदीर, खारी आणि पक्षी दर वर्षी ठरावीक खाऊ मिळाला तर वाढत जातील आणि एकही बी उरणार नाही. मधली वर्षं उपाशी ठेवून एका वर्षी सगळ्यांना पुरून उरेल इतकं दिलं की काही बिया वाचतात. कळी धरण्याच्या काळात, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी, हवा थंड राहिली तर दोन वर्षांनी पीक चांगलं येतं असं निरीक्षण आहे. याची दुसरी बाजू काळजीची. न्यू मेक्सिको आणि ओक्लाहोमातल्या एड्युलिसच्या काही वनांत १९७० च्या दशकाच्या तुलनेत २००० च्या दशकात शंकूंचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलेलं आढळलं, आणि जिथे उन्हाळाअखेर जास्त तापली तिथे घट जास्त होती.

तुमच्या कामाची गोष्ट यातूनच निघते. पिन्यॉनचं पीक वर्षभर आधी दिसतं. सप्टेंबरमध्ये झाडाजवळ जा आणि फांदीचं टोक डोळ्यांजवळ धरून बघा. यंदाच्या कोवळ्या फुटीच्या शेंड्याशी वाटाण्याएवढे, खडबडीत, तपकिरी गोळे दिसले तर ते पुढच्या वर्षीचे शंकू. यंदाचे पिकलेले शंकू त्यांच्या थोडे मागे, गेल्या वर्षीच्या लाकडावर असतात. छोटे गोळे दिसलेच नाहीत तर पुढच्या वर्षी त्या रांगेत जाऊ नका, काही मिळणार नाही. भरपूर दिसले तर मिळण्याची शक्यता चांगली. खात्री नाही, कारण कोरड्या वसंतात ते गळतातही. वॉशो, पायूट आणि शोशोनी हे इथले मूळ रहिवासी पिढ्यान् पिढ्या हेच करत आले. पुढच्या हिवाळ्याचा मुक्काम कुठल्या रांगेत करायचा, ते या गोळ्यांवरून ठरायचं.

आणि म्हणूनच काठीने फांद्या झोडपताना हात आवरा. टोकं मोडली की पुढच्या वर्षीचं पीक तुमच्या पायाशी पडलेलं असतं. दर चांगल्या वर्षी मी झाडाखाली मोडक्या फांद्यांचा सडा पाहतो आणि चिडतो. कुऱ्हाडीने फांद्या तोडून, घरी नेऊन निवांत शंकू काढणारेही आहेत. त्यांच्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

गोळा करण्याच्या पद्धती दोन. पहिली हिरव्या शंकूंची, ऑगस्टच्या शेवटापासून. टोकाला आकडा बांधलेल्या लांब काठीने शंकू पिळून खाली पाडायचे. पक्षी आणि खारी यायच्या आत माल हाती लागतो हा फायदा. तोटा राळेचा. हातमोजे घाला, जुने कपडे घाला, केस झाका. राळ साबणाने निघत नाही. आधी खाण्याचं तेल चोळायचं, मग साबण. हे शंकू बंद असतात, त्यांना उघडायला उष्णता लागते. मूळ रहिवाशांची रीत खड्ड्याची: खड्ड्यात जाळ करून निखारे करायचे, त्यावर शंकूंचा ढीग, वरून माती, आणि काही तास वाफवायचं. शंकूही उघडतात आणि बीही भाजलं जातं. घरी ओव्हनमध्ये हे करू नका, राळेचा धूर आठवडाभर घरातून जात नाही. गोणपाटाच्या पोत्यात भरून एक-दोन आठवडे कडक उन्हात ठेवले तरी उघडतात. ते पोतं उंदरांना सापडणार नाही एवढं बघा.

दुसरी पद्धत उमललेल्या शंकूंची, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. झाडाखाली ताडपत्री पसरायची आणि फांदी हाताने धरून हलवायची. काठी लावलीच तर फांदीच्या जाड भागाला, टोकांना नाही. बिया टपटप पडतात. यात काम हलकं, पण वेळ साधावी लागते. आठ दिवस उशीर झाला तर पक्ष्यांनी उरकलेलं असतं. पडलेला माल पाखडायला सूप असेल तर उत्तम. इथल्या मूळ रहिवासी बायका विलोच्या काड्यांच्या, सुपासारख्याच उथळ टोपल्या विणतात, त्या याच कामासाठी. मग बादलीभर पाण्यात ओता. पोकळ बिया वर तरंगतात, त्या टाकून द्या. खालच्या लगेच पसरून वाळवा. मोनोफिला पिठूळ असल्याने दमट राहिला तर बुरशी चटकन धरते. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल्या बिया नेणं हा माल वाया घालवण्याचा हमखास मार्ग.

नियम. नेवाडात ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट आणि फॉरेस्ट सर्व्हिसच्या बहुतेक सरकारी जमिनींवर घरच्यापुरत्या २५ पौंडांपर्यंत, म्हणजे ११ किलोच्या आसपास, बिया परवान्याशिवाय घेता येतात. विकायच्या असतील तर परवाना लागतो. व्यापारी तोडणीसाठी ब्युरो काही भागांचा लिलावही करतं. जाण्याआधी त्या भागाच्या कार्यालयाला फोन करा, कारण काही जागा बंद असतात. मूळ रहिवासी जमातींच्या (ट्रायबल) जमिनीवर परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. कार्सन सिटीच्या दक्षिणेला पाइन नट माउंटन्स नावाची रांगच आहे. तिथे वॉशो कुटुंबांच्या नावावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाटून दिलेल्या जमिनी आहेत, आणि कुंपण नसलं तरी ती कोणाची तरी वडिलोपार्जित झाडं आहेत.

या बियांवर माणसं खरोखर जगत होती, हे मुद्दाम सांगतो. १८४४ च्या जानेवारीत जॉन फ्रेमाँट या अमेरिकी शोधप्रवाशाची तुकडी सिएरा नेवाडाच्या पूर्वेकडच्या बर्फात अडखळत होती, तेव्हा एका स्थानिक माणसाने त्यांना कातडी पिशवीतून पाइनच्या बिया आणून दिल्या. पुढच्याच वर्षी या झाडाला शास्त्रीय नाव मिळालं, त्याला नाव देणाऱ्या दोघांत एक फ्रेमाँट. मूळ रहिवासी या बिया निखाऱ्यांसोबत टोपलीत घोळवून भाजत, सोलत, दगडी पाट्यावर दळत आणि पिठाची पातळ पेज करत. लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचं हिवाळ्याचं जेवण ते. मग १८७० च्या दशकात युरेका गावात चांदी-शिशाच्या भट्ट्या आल्या, त्यांना कोळसा हवा होता, आणि आसपासचे डोंगरच्या डोंगर पिन्यॉन तोडून उघडे झाले. १८७९ मध्ये कोळसा पाडणाऱ्या, मुख्यतः इटालियन मजुरांनी भावासाठी संप केला, त्यात फिश क्रीकला पाच जण गोळीबारात मारले गेले. ईली गावाजवळ १८७६ च्या सहा दगडी कोळसाभट्ट्या अजून उभ्या आहेत, तीस फूट उंचीच्या. त्या बाजूला गेलात तर बघून या. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा एक फेरा आला: गुरांना चराऊ कुरण हवं म्हणून दोन बुलडोझरांच्या मध्ये जहाजाच्या नांगराची साखळी बांधून ओढायची आणि सपाट्याने झाडं उपटायची.

आज हा वाद वेगळ्या रूपात चालू आहे. पिन्यॉन-ज्युनिपर खालच्या, सेजब्रश नावाच्या झुडपांच्या माळावर पसरतंय, त्यामुळे सेज ग्राउस हा पक्षी हटतोय, म्हणून झाडं काढा असं एक बाजू म्हणते. गेली बरीच वर्षं इथल्या वनांच्या पुनरुज्जीवनाच्या कामात असल्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. माळाच्या कडेची, पन्नास-साठ वर्षांची कोवळी झाडं काढायला माझी हरकत नाही. पण उतारावरची जुनी, फळती वनंही तोडणीच्या त्याच नकाशात रंगवून टाकणं चूक आहे. कारण या झाडाचं बी बिनपंखाचं. वारा ते नेत नाही, नेतात पक्षी. त्यातला मुख्य पिन्यॉन जे, निळसर राखाडी, थव्याने ओरडत फिरणारा. त्याच्या नाकपुड्यांवर पिसं नसतात, म्हणून राळेने भरलेल्या शंकूत चोच खुपसली तरी तोंड माखत नाही. घशात डझनावारी बिया भरून तो मैलोन् मैल नेतो आणि जमिनीत पुरून ठेवतो. ज्या विसरतो किंवा उरतात, त्या बहुधा एखाद्या सेजब्रशच्या सावलीला रुजतात. गेल्या पन्नासेक वर्षांत या पक्ष्याची संख्या तीन-चतुर्थांशाहून जास्त घटली आहे. जुनं वन गेलं की पक्षी जातो, आणि पक्षी गेला की उरलेल्या झाडांचं बी त्यांच्याच पायाशी पडून राहतं. जळालेल्या डोंगराचीही तीच गत. पिन्यॉनला बुंध्यातून फुटवा येत नाही. चीटग्रास नावाचं परकं गवत पेटलं की शंभर वर्षांचं वन एका दुपारी जातं आणि तिथे पुन्हा आधी गवतच येतं.

आता तुमचं परस. वेगासचं खोरं ६०० मीटरच्या आसपास, तिथला उन्हाळा या झाडाला जास्तच आहे. भिंतीची आणि डांबराची धग लागणार नाही अशी जागा असेल तर तगेल, पण शंकूंची अपेक्षा ठेवू नका. रिनो, कार्सन सिटी, ईली इथे छान वाढतं. लावायचं असेल तर नर्सरीतून कुंडीतलं लहान रोप घ्या, मोठ्या झाडाची मुळं स्थलांतरात दुखावतात. खत नको, हिरवळीच्या शेजारी नको, लॉनचं पाणी पिऊन मेलेले पिन्यॉन मी जितके पाहिलेत तितके दुष्काळाने मेलेले नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं अधूनमधून खोल पाणी द्या, नंतर फक्त फार कोरड्या वर्षी. छाटणी हिवाळ्यातच करा. उन्हाळ्यात ताज्या कापाच्या राळेच्या वासावर इप्स नावाचे सालीखालचे भुंगेरे येतात. २००२-०३ च्या दुष्काळात याच भुंगेऱ्यांनी न्यू मेक्सिको, कोलोराडो, ॲरिझोना आणि यूटा ही राज्यं जिथे एकमेकांना भिडतात तिथले पिन्यॉन प्रचंड संख्येने मारले. बी किती वर्षांनी? पहिले शंकू पंचवीस-तीस वर्षांनी, म्हणण्यासारखं पीक त्याच्या दुप्पट-तिप्पट वयाला. नातवंडांसाठी लावायचं असेल तर जरूर लावा.

यंदा नुसती चव बघायची असेल तर विकत घ्या. सुपरमार्केटमधले सोललेले पाइन नट बहुधा चीन किंवा रशियाकडचे, वेगळ्याच जातींचे असतात. त्यातल्या काही खाल्ल्यावर काही दिवस, कधी दोन आठवडेसुद्धा, तोंड कडू राहतं. घाबरू नका, आपोआप जातं. नेवाडातला माल शरद ऋतूत रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर आणि मेळ्यांत मिळतो. शुर्झला वॉकर रिव्हर पायूट लोकांचा पाइन नट उत्सव सप्टेंबरमध्ये भरतो, तिथे जाऊन थेट त्यांच्याकडून घेतलेत तर सगळ्यात चांगलं. ‘सॉफ्ट शेल’ म्हणून विकतात तो मोनोफिला, ‘हार्ड शेल’ म्हणजे एड्युलिस. कच्च्या घ्या, आधीच भाजून खारवलेल्या नको. चार-पाच बिया तिथेच फोडून बघा: गर पांढुरका-पिवळसर, भरलेला असावा, पिवळाजर्द किंवा खवट वासाचा असेल तर तो गेल्या हंगामाचा माल. घरी आणल्यावर महिन्याभरात संपणार नसतील तर टरफलासकट फ्रीझरमध्ये ठेवा.